साडीच्या कुंपणातलं पाडस

माघ लागला की आमच्या गावातली माणसं दोन कारणांनी नीट झोपत नाहीत. माघ वद्य सप्तमीला शेगावात गजानन महाराजांचा प्रकटदिन असतो, आणि त्यासाठी घाटावरून पायी निघालेल्या दिंड्या पहाटेच्या काळोखातच टाळ वाजवत रस्त्यानं जातात. आणि त्याच दिवसांत हरभरा घाट्यावर आलेला असतो. घाटे भरायला लागले की रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप आणि हरणं रात्री शिवारात उतरतात. कळप मोठा असला तर एका रात्रीत सगळं रान तुडवून मोकळा होतो. मग घरटी एक माणूस जागलीला जातो.

आमचं गाव बोथ्याच्या जंगलाला लागून आहे. बुलढाण्याहून खामगावला जाणारा रस्ता ज्या जंगलातून घाट उतरतो, तेच हे जंगल. १९९७ साली ते ज्ञानगंगा अभयारण्य झालं. २०५ चौरस किलोमीटरचं. जंगल आणि शेत यांच्यामध्ये भिंत नाही. भिंत असते ती साड्यांची. आठवडी बाजारात जुन्या साड्या स्वस्तात मिळतात. त्या बांधावरच्या खुंटांना ताणून बांधायच्या. वाऱ्यानं पदर फडफडला की जनावर बुजतं, एवढाच त्यातला हिशेब. कुणाच्या लग्नातली, कुणाच्या ओटीभरणातली, कुणी गेल्यावर देऊन टाकलेली, अशी अनोळखी बायकांची लुगडी हरभऱ्याला कडं करून उभी असतात.

आमच्या शेजारचे आबा दरवर्षी जागलीला जातात. वय सत्तरीच्या पुढं. चार खांबांचा माळा, त्यावर गोधडी, हाताशी गोफण, एक बॅटरी आणि बडवायला तेलाचा रिकामा डबा. झोप येऊ नये आणि जनावरांनाही माणूस जागा आहे हे कळावं, म्हणून आबा रात्रभर अभंग म्हणतात. भजनी मंडळात त्यांचा आवाज सगळ्यांत वरचा. वारा आमच्या बाजूचा असला की अंगणात झोपलेल्या मला तो स्वच्छ ऐकू येतो. त्यांचा आवडता अभंग कान्होपात्रेचा आहे. कान्होपात्रा त्यात विठ्ठलाला सांगते की वाघानं हरिणीचं पाडस धरावं तशी माझी गत झाली आहे. आता अंत पाहू नकोस, माझा जीव जायला निघाला आहे. आबा तो म्हणतात तेव्हा शेवटचा स्वर इतका लांबवतात की तो जंगलापर्यंत जातो आणि तिथून परत येतो असं वाटतं.

इतकी वर्षं हे ऐकतो आहे. पण एक गोष्ट माझ्या कधी ध्यानातच आली नाही. आबा रात्रभर पाडसासाठी देवाला साकडं घालतात, आणि मध्येच थांबून डबा बडवतात तो हरणं हाकलायला.

गेल्या आठवड्यात पहाटे चारच्या सुमाराला त्यांचा फोन आला. "गुरुजी, इळा घेऊन या. लवकर या." मी विळा आणि बॅटरी घेऊन गेलो. खालच्या बांधाला एक हिरवी साडी खुंटासकट उपटून आली होती आणि तिच्यात काहीतरी धडपडत होतं. गावची दोन कुत्री पंधरा-वीस पावलांवर बसलेली, जिभा बाहेर. आबांनी त्यांच्या दिशेनं ढेकळं मारून ठेवली होती, पण ती उठत नव्हती.

पाडस असेल महिन्याभराचं. मागचे दोन्ही पाय साडीच्या काठात पिळले गेले होते. साडी पॉलिस्टरची, तुटेना. जितकी ओढ तितकी गाठ घट्ट. आबा खाली बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि एका हातानं डोळे झाकले. डोळे झाकले की जनावर शांत होतं, हे त्यांना वासरांवरून माहीत होतं. मी काठ कापायला घेतला. बोटांना त्याच्या पोटाची कातडी लागत होती, आणि कातडीच्या आत काळीज इतक्या जोरानं चाललं होतं की ठोके वेगळे मोजता येत नव्हते. कानाच्या आत, जिथं केस विरळ असतात तिथं, तीन गोचिडं होती. नाक ओलं. आणि ते ओरडत होतं. तो आवाज शेळीच्या करडासारखा नव्हता. बारीक होता, पण त्याला धार होती. प्रत्येक वेळी तो सुरू व्हायचा तेव्हा ते सगळं अंग त्या आवाजासाठी खर्च करत होतं.

पाय मोकळे झाले तरी ते पळालं नाही. पुढचे पाय फाकवून तसंच उभं राहिलं. मी बॅटरी फिरवली तर वरच्या बांधावर दोन डोळे चमकले. हरीण उभं होतं. कुत्री एवढी जवळ, दोन माणसं, उजेड, आणि तरी ते गेलं नव्हतं. मग पाडसानं एक उडी घेतली, दुसरी घेतली, आणि दोन्ही अंधारात गेली.

आबा बराच वेळ तिथंच बसून होते. मग म्हणाले, "गुरुजी, चाळीस वर्सं झाले म्या हा अभंग म्हणून राह्यलो. पाडस कसं वरडते, थे आज आयकलं."

घरी आल्यावर मला झोप लागली नाही, आणि तेव्हापासून हे मनात घोळतं आहे.

हरणाच्या जातीत मादी पिल्लाला सोबत घेऊन हिंडत नाही. पहिले काही आठवडे ती त्याला गवतात, झुडपात लपवून ठेवते आणि चरायला लांब जाते. जवळ राहिली तर तिच्या वासानं कोल्हा-लांडगा यायचा, म्हणून. पिल्लू तिथं मान जमिनीला लावून पडून राहतं. हूं की चूं करत नाही. माणूस हाताच्या अंतरावरून गेला तरी हलत नाही, कारण न हलणं हेच त्याचं एकमेव हत्यार. ते ओरडतं ते फक्त धरलं गेल्यावर. आणि तो ओरडा ज्या एका जिवासाठी असतो, तो जीव तेव्हा लांब असतो. आई लांब आहे, दात लागलेले आहेत, आणि आता हाकेशिवाय हातात काही उरलेलं नाही: कान्होपात्रेनं आपल्या जागेसाठी नेमका हाच क्षण निवडला. मला वाटायचं, पाडस म्हणजे कोवळेपणाची एक गोड प्रतिमा. त्या पहाटेनंतर वाटतं, ज्यानं कुणी ही प्रतिमा पहिल्यांदा मराठीत आणली त्यानं तो आवाज कानांनी ऐकलेला असणार.

आणि कान्होपात्रेची स्थिती तरी दुसरी काय होती? मंगळवेढ्याच्या नायकिणीची मुलगी. रूप हाच तिचा अपराध. परंपरा सांगते की बेदरच्या बादशहाला तिची वार्ता लागली आणि तिला न्यायला शिपाई आले. ती वारकऱ्यांबरोबर पंढरपूरला निघून गेली होती. शिपाई तिथंही पोचले. एकदा देवाला भेटून येते म्हणाली, आत गेली, आणि विठ्ठलाच्या पायाशी तिनं प्राण सोडला. देवळाच्या दक्षिण दरवाज्याजवळ तिला पुरलं, तिथं तरटीचं झाड उगवलं, असं सांगतात, आणि वारकरी त्या झाडाला तिची खूण मानतात. १९३१ साली बालगंधर्वांनी ही कथा रंगभूमीवर आणली आणि तिचं नाव घरोघर झालं. पण नाटकाच्या आधीही आणि नंतरही तिला जिवंत ठेवलं ते भजनी मंडळांनी. आमच्या आबांसारख्या गळ्यांनी.

मला इथं एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जगातल्या किती तरी धर्मांत निष्पाप जनावर हे अर्पण करण्याची वस्तू आहे. माणसाच्या चुकीची किंमत ते भरतं. इब्राहिमाचा हात थांबवला जातो आणि मुलाच्या जागी मेंढा येतो. ख्रिस्ती परंपरेत तर देवानं पाठवलेला पुत्रच कोकरू होतो. यशया संदेष्ट्यानं लिहून ठेवलं होतं की वधाला नेलेल्या कोकरासारखा तो तोंड उघडणार नाही. पुढं योहानानं येशूकडं बोट दाखवून तेच नाव घेतलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून सगळं बायबल मराठीत आणलं, त्यात हे कोकरूही आपल्या बोलीत आलं. ती प्रतिमा फार मोठी आहे, आणि तीही कुणीतरी डोळ्यांनी पाहूनच लिहिली आहे. कापूस निघून गेल्यावर आमच्याकडं धनगर येतात, रात्री शेतात मेंढरं बसवतात. त्यांची कातरणी पाहावी. मेंढरू आडवं पाडलं, पाय बांधले, की ते गप्प होतं. कात्री कातडीला लागली, रक्ताचा थेंब आला, तरी आवाज नाही. शेळी असती तर तिनं गाव डोक्यावर घेतलं असतं. ज्या मुलखात मेंढरं राखली, तिथल्या कवीला निष्पापपण मुकेपणात दिसलं.

आपल्या संतांच्या मुलखात ते टाहोत दिसलं. नामदेवांच्या अभंगांत तर सगळं गोकुळ आहे: घरट्यात उपाशी वाट पाहणारं पिल्लू, गाईला हंबरणारं वासरू, हरिणीला चुकलेलं पाडस. ही जनावरं कुणाच्या पापासाठी मरत नाहीत. ती हाका मारतात. आणि हाका मारणारा कवी स्वतः आहे. वेदीवर दुसऱ्याला ठेवण्याऐवजी तो स्वतः त्या जागी जाऊन उभा राहतो, त्या जनावराच्या डोळ्यांनी वर पाहतो, त्याच्या गळ्यानं ओरडतो. माझ्या मते भक्तीच्या काव्यानं केलेली ही सगळ्यांत धाडसाची गोष्ट.

या धाडसाचं मूळ फार जुनं आहे. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाची गोष्ट येते. हरिश्चंद्रानं वरुणाला मुलगा द्यायचं कबूल केलेलं. मुलाचा जीव वाचवायला दुसरा मुलगा हवा. अजीगर्त नावाचा भुकेला ब्राह्मण शंभर गाई घेऊन आपला मधला मुलगा विकतो. यूपाला बांधायला कुणी पुढं येईना, तर आणखी शंभर गाई घेऊन बापच बांधतो. आणखी शंभर गाईंसाठी सुरीही बापच हातात घेतो. तेव्हा शुनःशेपाला कळतं, की मी माणूस नसल्यासारखे हे मला मारणार आहेत. आणि तो मंत्र म्हणू लागतो. एकेका देवाला हाक. शेवटी उषेला आळवताना ऋचेगणिक एकेक पाश गळून पडतो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातली ती सूक्तं त्याच्याच नावावर आहेत. बांधलेल्या जनावराच्या जागेवरून म्हटलेली कविता म्हणून मी ती वाचतो. त्याच ग्रंथात असंही सांगितलं आहे की यज्ञाचं सत्त्व माणसातून घोड्यात गेलं, घोड्यातून बैलात, मेंढ्यात, बोकडात, आणि शेवटी भूमीत शिरून धान्य झालं. आज आपण देवापुढं नारळ फोडतो, कोहळा कापतो. तो त्याच वाटेवरचा मुक्काम.

सगळेच त्या मुक्कामाला पोचले नाहीत, हेही खरं. नवसाचा बोकड आपल्या मुलखात अजून कापला जातो. एक जुनं संस्कृत सुभाषित आहे, त्याचा अर्थ असा: घोडा नको, हत्ती नको, वाघ तर नकोच नको, बळी द्यायचा तो शेळीच्या पोराचा, कारण देवही दुबळ्यालाच मारतो. हे लिहिणाऱ्याच्या मनात देवाविषयी किती दुःख असेल! गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हे दुःख तसंच सोडलं नाही. तरुणपणी स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातरिवाजाप्रमाणं बोकड आणि दारू द्यायची होती. त्यांनी गोडाचं जेवण वाढलं आणि भाऊबंदांचा राग ओढवून घेतला. नंतर जन्मभर कीर्तनात ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारत राहिले, की सगळी लेकरं देवाची, मग देव आपलं लेकरू खाईल का? वऱ्हाडातल्या कितीक घरांतले नवस त्या प्रश्नानं बदलले.

पण मला प्रकटदिनाच्या या दिवसांत जास्त आठवतं ते गजानन विजय ग्रंथातलं. घरी पारायण चालू आहे, एकवीस अध्यायांचं. दासगणूंनी १९३९ साली शेगावात तो लिहिला, आणि बुलढाणा जिल्ह्यात असं घर क्वचितच असेल जिथं तो नाही. त्यात दोन जनावरं आहेत. एक गोविंदबुवा टाकळीकरांचा घोडा. कीर्तनकाराचा घोडा असून चावरा, लाथाळ. साखळदंडानं बांधून ठेवावा लागे. एका रात्री महाराज त्याच्या चार पायांमध्ये जाऊन झोपले. बुवा उठून बघतात तर घोडा स्तब्ध उभा. दुसरी बाळापूरच्या सुकलालांची गाय. बाजारात घुसायची, दुकानांतलं धान्य खायची, माणसं शिंगावर घ्यायची. तिला जेरबंद करून गाडीवर घालून शेगावला आणलं, महाराजांना अर्पण करायला. महाराजांनी काय केलं, तर आधी तिच्या साखळ्या काढायला लावल्या. आणि गाईनं पुढं होऊन त्यांचे पाय चाटले.

लहानपणी मला यात चमत्कार दिसायचा. आता दुसरंच दिसतं. दासगणूंची ही जनावरं कोकरासारखी गरीब नाहीत. गावानं त्यांना द्वाड ठरवलं आहे. आणि त्या शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की द्वाड गाय म्हणजे बहुतेक वेळा मार खाल्लेली, घाबरलेली गाय. तिचा निष्पापपणा तिच्या वागण्यात शोधून सापडत नाही. साखळी काढल्यावरच तो दिसतो. आणि तिचं 'अर्पण' झालं ते असं. रक्ताचा थेंब न सांडता. पाय बांधून आणली, पाय मोकळे करून ठेवून घेतली. पारायणात हा भाग आला की माझी आई वाचायची थांबायची आणि गोठ्याकडं बघायची. त्या बघण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

याच्याही साडेसहाशे वर्षं मागं गेलं तर याच जिल्ह्याच्या वाटांवर चक्रधर स्वामी चालताना दिसतात. लोणार, मेहकर ही त्यांच्या चरणांनी महानुभावांची तीर्थं झालेली गावं. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठी गद्याची सुरुवात तिथून. त्यातली सशाची लीळा माझ्या पिढीनं शाळेत वाचली. स्वामी झाडाखाली बसले आहेत. पारध्यांनी मागं लावलेल्या कुत्र्यांपुढं धावत एक ससा येतो आणि त्यांच्या गुडघ्याखाली शिरतो. पारधी येतात, ससा मागतात. स्वामी म्हणतात, शरण आलेल्याला मरणाच्या हाती देत नसतात. या गवत खाणाऱ्या, झऱ्याचं पाणी पिणाऱ्या जिवांनी तुमचं काय केलं? पारधी सोडून देतात. मग स्वामी गुडघा उचलतात आणि सशाला, थोरामोठ्याला द्यावा तसा, आदरानं निरोप देतात. ती लीळा तेवढ्यावरच संपते. ससा जातो. तो पुन्हा आला, त्यानं काही दिलं, असं म्हाइंभट लिहीत नाहीत. आपल्या हातून मुंगीसुद्धा विधवा होऊ नये, या अर्थाचं वचन ज्यांनी शिष्यांना दिलं, त्यांनी सशाला कशाचंही प्रतीक केलं नाही. तो ससा होता आणि त्याला जायचं होतं.

त्या पहाटेपासून मला हा उचललेला गुडघा डोळ्यांपुढं दिसतो. आणि त्याच्याशेजारी आबांची मांडी, तिच्यावर ते डोकं.

आता वाघाचं. कान्होपात्रेच्या अभंगात वाघ आहे, आणि तो बादशहा आहे, म्हणजे दुष्ट. इंग्रज कवी विल्यम ब्लेकनं १७८९ साली कोकरावर कविता लिहिली आणि पाच वर्षांनी वाघावर. दोघांना एकाच हातानं घडवलं का, हा त्याचा प्रश्न. आमच्या जंगलाला तो प्रश्न २०१९ सालच्या डिसेंबरात प्रत्यक्ष भेटला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला, तेलंगणाच्या हद्दीतून, पैनगंगेच्या काठानं, शेतं-रस्ते-नाले ओलांडत तेराशे किलोमीटरहून जास्त चालून ज्ञानगंगेत पोचला. मोकळी जागा शोधत, बहुधा जोडीदार शोधत, एकटा. वाटेत शेकडो गावांजवळून गेला; बहुतेक गावांना कळलंही नाही. त्या हिवाळ्यात आबा जागलीला माळ्यावरून खाली उतरत नव्हते. मी विचारलं होतं, भीती वाटते का? म्हणाले, "वाटते तं. पण इतकं चालून आला थो. त्यालेबी कोनी नाई." वाघालाही हाक मारायला कुणी नाही, हे कुठल्या अभंगात मी वाचलेलं नाही. ते मी बोथ्याच्या एका बांधावर ऐकलं.

म्हणून मला वाटतं, आबांसारखी माणसं प्रतीक आणि जनावर यांच्या मधल्या जागेत राहतात, आणि ती जागा सोपी नाही. ज्यांचं पीक रोही खात नाही त्यांना हरणावर माया करायला काही पडत नाही. आबांची दीड एकर जमीन आहे. गेल्या वर्षी हरभऱ्याचा एक कोपरा पूर्ण गेला. पंचनामा, अर्ज, फेऱ्या, आणि हाती आलं ते बियाण्यालाही पुरलं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी याच हातांनी ते बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात. जू घासून जिथं खांदेसूज आलेली असते, तिथं बोट हलकं ठेवतात, आणि उद्या जेवायला या असं बैलाच्या कानाशी सांगतात. परवापासून पुन्हा तेच जू त्याच खांद्यावर. कष्ट त्याचे, पीक आमचं. वर्षभराचा हा त्याग बैलानं कबूल करून दिलेला नाही, हे आबांना माहीत आहे. म्हणून तर तो खांदा चोळताना ते दुसरं काही बोलत नाहीत.

काल संध्याकाळी मी त्यांच्या शेताकडं गेलो. दिंडी नुकतीच गेली होती. रस्त्यावर गुलाल आणि केळीची सालं पडली होती. आबा खालच्या बांधावर बसून कुंपण पुन्हा बांधत होते. हिरवी साडी मी कापल्यामुळं दोन तुकड्यांत झाली होती. दोन्ही तुकडे त्यांनी जोडले, गाठ मारली, आणि सगळं कुंपण जमिनीपासून हातभर वर घेऊन बांधत चालले होते. एकेक खुंट. मी विचारलं, हे असं का?

"रोही उंच जनावर. त्याच्या छातीले लागते कापड, थे अडते," आबा म्हणाले. "पाडसाले खालून निंघता आलं पाह्यजे."

"आणि हरभरा?"

"थे लेकरू किती खाईन, गुरुजी."

मी खुंट धरला, त्यांनी गाठ मारली. वरच्या बाजूचे सात खुंट झाले तोवर अंधारलं.

रात्री वारा आमच्या बाजूचा होता. अंगणातून आबांचा आवाज ऐकू येत होता. पाडसाच्या ओळीवर आले आणि थांबले. त्यांनी पुढचं म्हणावं म्हणून मी वाट पाहत पडून राहिलो. बराच वेळ नुसता वारा आणि साड्यांची फडफड. मग डबा वाजला. वरच्या अंगाला रोही उतरले असावेत.